बाबा, मधून चाला

मेश्रामकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघत. भिंतीवरची चित्रं, टीव्ही, सोफा, यजमानांचा चेहरा हे सगळं मागाहून. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले, जमिनीवरून एकदा सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "सुहासभाऊ, तुमी उभ्यानंच जेवता वाटते."

मी उडालोच. जेवत होतो खरा उभ्यानं. ओहायोतल्या डब्लिन गावात, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकट्यानं राहणारा पुण्याचा मुलगा दुसरं काय करणार? ओट्यापाशी उभं राहून, भांड्यातूनच.

"तुम्हाला कसं कळलं काका?"

"टेबलाखाली एक कण नाई. ओट्यापाशी सारा सडा. फरशी चुगली करते जी." मग ते खिडकीकडे गेले. "अन् इथला गालिचा दबला हाय. घरी फोन करता तवा इथं येरझारा घालता का?"

मी रत्नाताईकडे पाहिलं. ती हसू दाबत होती. "सॉरी यार, मी तुला वॉर्न करायला हवं होतं. बाबांना कुठेही नेलं की हे असं."

रत्नाताई माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. आमची कंपनीही एकच. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगची लीड, म्हणजे माझ्यासारख्यांनी केलेल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम. ही नजर तिला कुठून मिळाली ते मला त्या दिवशी समजलं. नागपूरच्या एका वस्तीतून स्कॉलरशिपवर शिकत शिकत ती इथवर आली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. २००६च्या नोव्हेंबरात ती स्वतः नागपूरला जाऊन वडिलांना सहा महिन्यांसाठी घेऊन आली.

लहानुजी मेश्राम. उंची बेताची, शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, आणि वरच्या खिशात चौकोनी घडी केलेलं एक मऊ फडकं. लोक तिथे पेन ठेवतात. काका निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण फडक्याला अजून रिटायरमेंट मिळाली नव्हती. ते एका मोठ्या सरकारी बंगल्यात फर्राश होते. फर्राश म्हणजे फरशी, गालिचे आणि फर्निचर यांची निगा राखणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी त्या बंगल्याच्या दिवाणखान्याला चेहरा दिसेल अशी चकाकी ठेवली. त्या दिवाणखान्यातल्या एकाही खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. "खुर्च्या साहेबाच्या. पण फरशी आपली," असं म्हणत, आणि 'आपली' म्हणताना मान किंचित ताठ व्हायची.

त्यांची एक सवय मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते कायम भिंतीकडेनं चालत. आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये, दुकानात, रत्नाताईच्या ऑफिसच्या लॉबीत, सगळीकडे. जागा कितीही मोकळी असो, काका आपले भिंतीपासून हातभर अंतर ठेवून. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडायचा, म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना मॉलमध्ये चालायला न्यायचो. तिथली ती लांबरुंद चकचकीत वाट मोकळी पडलेली असायची आणि आमची स्वारी दुकानांच्या काचांना चिकटून. मला वाटायचं, दुकानं बघत असतील. पण ते कधी काचेत बघायचे नाहीत. बघायचे ते मशीन फिरवणाऱ्या सफाई कामगारांकडे. त्यांच्यापाशी थांबून, मान झुकवून, "नमस्ते साहेब" म्हणायचे. ते मला साहेब म्हणत नसत, भाऊ म्हणत. आमच्या कंपनीच्या डायरेक्टरला भेटले तेव्हा नुसतं "हॅलो" म्हणाले. साहेब फक्त सफाईवाले. दोन महिन्यांत त्या मॉलमधली सगळी सफाईची माणसं काकांना हात करू लागली. मी तिथे चार वर्षं जात होतो, मला त्यांतल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. पुण्याला आमच्या घरी झाडूपोछ्याला येणाऱ्या बाईंचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का, हे मी तिथेच उभा राहून आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. लाज वाटली.

काकांची आवडती गोष्ट म्हणजे पाण्यावरचा बंगला. अमेरिकेला येताना बापलेक दोन दिवस इस्तंबूलला थांबले होते. तिथे समुद्राच्या अरुंद पट्टीच्या काठावर सुलतानाचा उन्हाळी महाल आहे, तो त्यांनी पाहिला. त्याचं नाव तुर्की आणि अवघड. काकांनी त्याचं नामकरण करून टाकलं, पाण्यावरचा बंगला. घरी कोणीही आलं की ही गोष्ट व्हायचीच.

"पांढराशुभ्र दगड. पायऱ्या अशा दोन्हीकून वळत येतात, अन् समोर पाणी. पार पायरीले लागते पाणी! आत झुंबरं, हरेक खोलीत भिंतीतली शेगडी, तिचा दगड येगळा, रंग येगळा. अन् खाली लाकडाची फरशी. नक्षीची. तुकडा तुकडा जोडून केलेली. सुई जाईल एवढी फट नाई."

"आणि सुलतान तिथे झोपायचासुद्धा नाही," रत्नाताई भर घालायची. "एकही बेडरूम नाहीये. दिवसा यायचा, बसायचा, संध्याकाळी बॅक टू पॅलेस."

"तेच तं!" काका मांडीवर थाप मारत. "दोन घटकांच्या बैठकीसाठी एवढी झाडलोट. पण कोणीतरी केली नं जी रोज. सुलतानाचं नाव पाटीवर हाय. घासणाऱ्याचं कुठीच नाई. पण मले दिसला तो."

"कुठे दिसला?"

"फरशीत," काका म्हणत आणि चहाचा घोट घेत.

ही झाली काकांची गोष्ट. रत्नाताईची गोष्ट वेगळी होती, ती तिनं मला एकदा ऑफिसच्या कॅफेटेरियात सांगितली. मी सहज चेष्टा केली होती, की काकांना महाल फारच मानवला, आता त्यांना सगळे सुलतान म्हणूया. ती हसली नाही.

"तुला माहितेय, मी तिथे का थांबले? तिकीट स्वस्त पडलं वगैरे मी सगळ्यांना सांगते. पण तिथल्या व्हिसासाठी मी किती खेटे घातले, विचारू नकोस. मला त्यांना एकदा महालात न्यायचं होतं. समोरच्या दारानं. तिकीट काढून, पाहुणा म्हणून. नागपुरात नेलं असतं तर कुणीतरी ओळखलं असतं आणि बाबांनी लगेच खिशातलं फडकं काढलं असतं. म्हणून अशा देशात नेलं, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही."

"मग?"

"मग काय. दारात शूजवर घालायला प्लास्टिकची कव्हरं देतात. बाबांनी शूजच काढून हातात घेतले. फर्राश अनवाणी काम करतो ना, फरशीवर ओरखडा नको म्हणून. गार्ड म्हणाला, नाही, शूज घाला. घातले कसेबसे. आत गेलो तर हे भिंतीकडेनं चालायला लागले. तिथे रूलच आहे, पाहुण्यांनी मधून चालायचं, भिंतीच्या आणि फर्निचरच्या जवळ जायचं नाही. गार्डनं हातानं दाखवलं, मिडल, मिडल. बाबा चार पावलं मधून चालले आणि परत कडेला. त्याला वाटलं, हे वस्तूंना हात लावतायत. तिसऱ्यांदा तो ओरडला, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, बाबा, मधून चाला ना, तिकीट काढलंय आपण. तर म्हणाले, 'नाई होत बाई.' एवढंच. 'नाई होत.'"

तिनं कॉफीचा कप फिरवला. "अख्खा महाल त्यांनी भिंतीकडेनं सरकत पाहिला, सुहास. बाहेर आल्यावर मी त्या पाण्याकडे तोंड करून रडले. त्यांना कळू दिलं नाही. मी त्यांना समोरच्या दारानं आत नेलं, पण आत गेल्यावर ते जिथे होते तिथेच राहिले."

त्यानंतर मॉलमध्ये काकांबरोबर कडेनं चालताना माझं त्या मोकळ्या वाटेकडे लक्ष जायला लागलं.

एप्रिल आला. शेजारच्या कोलंबस शहराच्या आसपासची पंधरा-वीस आंबेडकरी कुटुंबं दर वर्षी जयंतीचा कार्यक्रम करत. त्यासाठी एका कम्युनिटी सेंटरचा हॉल भाड्यानं घ्यायचे. मलाही आग्रहाचं आमंत्रण होतं. दारात प्रत्येक जण "जय भीम" म्हणून हात जोडत होता, मीही जोडले. मुलांची भाषणं झाली, एका छोकरीनं संविधानातला उतारा इंग्रजीत म्हणून दाखवला, काकांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग जेवण. आणि वरणाचं मोठं पातेलं उचलताना माझा हात सटकला.

हॉलला फिकट रंगाची सुंदर लाकडी फरशी होती. त्यावर परातीएवढा पिवळाजर्द डाग पडला. हॉलची निगा राखणारा डेव्ह नावाचा साठीचा गृहस्थ होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळाला कायमची आठी. त्यानं आधीच बजावलं होतं, फरशी जशी दिली तशी परत हवी, नाहीतर पुढच्या वर्षी हॉल विसरा. मी घाबरून किचनमधून भांड्यांचा साबण आणला आणि डागावर ओतून घासायला लागलो. एवढं शिकलोय, पण हळद आणि साबण यांचं काय होतं हे कुणी शिकवलं नव्हतं. डाग लालभडक झाला. कुंकवाचा सडा पडल्यासारखा.

"हटा!" एक आवाज आला. मेश्रामकाकांना मी त्या आधी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "साबण लावला कोनं? सुहासभाऊ, तुमी इंजिनेर होय नं? हळदीले साबण लावते का कोणी? लिंबू आना."

ते गुडघ्यावर बसले. खिशातलं फडकं निघालं. आधी साबण पाण्यानं टिपून काढला, घासला नाही, टिपला. मग लिंबाचं पाणी हलक्या हातानं. लाल परत पिवळा झाला. मग कोरडं. "आता याचं औषध मायाजवळ नाई," ते उठत म्हणाले. "ते वर हाय." आणि त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "हळद उन्हाले भेते. पडदे उघडा."

दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं आणि हळूहळू सरकत डागापर्यंत पोचलं. काका शेजारी घडीची खुर्ची टाकून बसले. कुणी जवळून गेलं की हात वर, "सावली पाडू नका जी, सावली पाडू नका." कार्यक्रम संपला, भांडी भरली गेली, गाड्या निघाल्या. काका बसून. रत्नाताई आणि मी बाजूला उभे. डेव्ह किल्ल्या वाजवत आला, घड्याळाकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि तोही एक खुर्ची ओढून बसला. दोन म्हातारे उन्हात फरशीकडे बघत बसले होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, आणि माझ्या मते त्यांचं काही अडतही नव्हतं.

दीड तासात डाग गेला. शोधूनही सापडेना. डेव्हनं वाकून हात फिरवून पाहिला आणि काकांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. कपाळाची आठी गेली होती. रत्नाताईचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. पदवीदानाच्या फोटोत आईबापांचे असतात तसा, फक्त इथे लेक बापाकडे तसं बघत होती. मलाही छाती फुगल्यासारखं वाटलं. जणू काही तो डाग मीच काढला होता, खरं तर पाडला मीच होता.

आम्ही निघालो. काका सवयीप्रमाणे भिंतीकडेनं, खुर्च्या चुकवत चुकवत दाराकडे. डेव्हनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं रत्नाताईला विचारलं, "तुझे वडील असे कडेनं का चालतात? सकाळीही मी पाहिलं. माझ्या फरशीत काही खोट आहे का?"

तिनं सांगितलं, तसं काही नाही, त्यांनी चाळीस वर्षं हेच काम केलंय, फरशी खराब होऊ नये म्हणून कडेनं चालायची सवय आहे.

डेव्हनं फरशीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "त्यांना सांग, मी आठवड्यातून दोनदा हा हॉल घासतो. कुणी खाली बघत नाही. निदान चालतात तरी. ज्याला या कामातलं कळतं, तोच माणूस माझ्या फरशीवरून चालला नाही, तर मी घासतो कुणासाठी?"

रत्नाताईनं ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

काका दारापाशी थांबले. फडक्याची घडी घालत होते, ती अर्धीच राहिली. त्यांनी हॉलकडे वळून पाहिलं, पण परत आत गेले नाहीत. गाडीत बसले. पार्किंगमध्ये उतरताना एवढंच म्हणाले, "मी बी हेच म्हनत होतो. चाळीस वर्सं. मनात."

"काय बाबा?"

"का साहेबानं एखाद्या दिवशी मधी थांबून खाली पाहावं."

मे महिन्यात त्यांचा व्हिसा संपत होता. मीही लग्नासाठी पुण्याला निघालो होतो, रत्नाताईला रिलीजमुळे सुट्टी नव्हती, तेव्हा काकांना मीच सोबत न्यायचं ठरलं. रत्नाताईकडे तिकिटं बघत बसलो असताना काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. खाकरले.

"सुहासभाऊ, तो पाण्यावरचा बंगला लागते का जी रस्त्यात?"

रत्नाताईनं लॅपटॉपवरून मान वर केली. दुसऱ्याच दिवशी तिनं आम्हा दोघांच्या तुर्की व्हिसाचे फॉर्म भरून आणले. कोलंबसच्या विमानतळावर तिनं बाबांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, खिशातलं फडकं चाचपून पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला नंतर सगळं सांगायचंस. आत फोटो काढू देत नाहीत. नीट बघून ठेव."

मी नीट बघून ठेवलं, म्हणून हे लिहिता येतंय.

काकांनी वर्णन केलं होतं त्यापेक्षा बंगला लहान होता आणि जास्त देखणा. पायऱ्या खरोखरच दोन्हीकडून वळत आलेल्या, समोर निळं पाणी, त्यातून मोठमोठी जहाजं जाताना. तिकीट मी काढणार होतो, काकांनी काढू दिलं नाही. दोन्ही तिकिटं त्यांनी स्वतः दाखवली. दारात प्लास्टिकची कव्हरं मिळाली. काकांनी ती बुटांवर चढवली, कडा नीट आत खोचल्या, आणि आत पाऊल टाकलं.

पहिली दोन पावलं ते भिंतीकडे वळले. मग ते थांबले. हात वरच्या खिशाकडे गेला, फडक्यापर्यंत पोचला आणि रिकामाच परत आला. आणि काका वळून दालनाच्या बरोबर मधोमध आले. वर झुंबर, खाली नक्षीची लाकडी फरशी. ते चालायला लागले. हळूहळू, एकेक पाऊल पुरतं टेकवत, मान ताठ. दालनाच्या मध्यावर थांबले. खाली पाहिलं. चांगलं मिनिटभर पाहिलं. मागून येणारे पर्यटक त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून पुढे गेले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पिकल्या मिशांचा गार्ड बसला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, फरशीकडे बोट केलं आणि मान डोलावली. "साहेब," ते म्हणाले, "बहोत बढिया." गार्डला काय कळलं कोण जाणे. पण तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून किंचित वाकला, आणि मग त्यानं आपल्या हातांनी पुसण्याची खूण करून स्वतःकडे बोट दाखवलं. निदान मला तरी ती खूण तशीच दिसली. काकांनीही छातीवर हात ठेवला, नेमका खिशातल्या फडक्यावर.

माझे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी एक चित्र बघायच्या निमित्तानं भिंतीकडे सरकलो. एवढ्या मोठ्या दालनात आपण कुठे उभं राहावं, हे मला एकदम कळेनासं झालं होतं.

"सुहासभाऊ!" मागून हाक आली. काका मधोमध उभे होते, खिडकीतून पाण्यावरचा उजेड येऊन त्यांच्या पायांशी पडला होता.

"तिकून कुठी जाता जी? मधून चाला. त्यानं तुमच्यासाठी घासली हाय."

मी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मग आम्ही दोघं मधून चालत पुढच्या खोलीत गेलो.